कार्डाचा भाव काढताना

घरी शुभेच्छापत्रे, बारशाची आमंत्रणे, आहेराची पाकिटे करून विकता? मग डाय-कटिंग मशीन घेण्याचा विचार मनात आलाच असेल. कागद आणि डाय दोन प्लेटांमध्ये ठेवून हँडल फिरवले की फुले, जाळी एकसारखी कापून निघते. वेळ वाचतो. पैसा सुटतो का, ते आधी वहीत मांडा.

समजा, मशीन ९,००० आणि डाय ३,००० रुपयांच्या. बंगळुरूच्या अॅव्हेन्यू रोडवरून आणलेला कागद, पाकीट, गोंद धरून कार्डामागे खर्च १५ रुपये, विक्री ४५ ला. उरले ३०, म्हणजे १२,००० वसूल व्हायला ४०० कार्डे. पण तुमची मजुरी? ती बहुतेक जण धरतच नाहीत. एका कार्डाला १५ मिनिटे आणि तासाला ६० रुपये धरले, तर उरतात १५च. कार्डे लागतील ८००. महिन्याला २० खपत असतील, तर ४० महिने! शिवाय प्लेटा झिजतात, वाकतात. त्या बदलाव्या लागतात.

मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मात्र हप्ता दरमहा भरावा लागतो, लग्नसराई काही दरमहा नसते. ऑर्डरी बेभरवशाच्या असतील तर आधी दरमहा १,००० रुपयांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सुरू करा. वर्षभरात मशीनचे पैसे व्याजासह जमतील. तोवर कात्रीने काम करा. कोणते कार्ड खपते तेही कळेल. आणि हो, कार्डांचे यूपीआयवरून येणारे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका, त्यांना वेगळे खाते ठेवा.