घरच्या मत्स्यपेटीच्या गाळणींतील भर

नासिक जिल्ह्यांतील बागाईतदारांच्या घरींही आतां काचेची मत्स्यपेटी दिसूं लागली आहे. मुलांच्या हौसेखातर पेटी येते, पाणी आरशासारखें स्वच्छ दिसतें, आणि पंधरा-वीस दिवसांत एकामागून एक मासे मरूं लागतात. मग दोष पाण्याला, खाद्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. खरें कारण पुष्कळदां गाळणींत असतें. तें समजण्यास शेतकऱ्यास अवघड जाऊं नये. कारण जी क्रिया त्याच्या जमिनींत रोज चालते, तीच येथें चालावी लागते.

गाळणींत काय घडतें

माशांच्या कल्ल्यांतून, तसेंच विष्ठा व उरलेलें खाद्य कुजून, पाण्यांत अमोनिया येतो. तो माशांस विषारी आहे. शेणखत कुजतांना हाच अमोनिया निघतो. जमिनींतील सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि तें नायट्रेट पीक घेतें. नायट्राइटही माशांस घातक आहे. नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य आहे.

हें काम सजीव जंतूंचें आहे, हें श्लोझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें. वाळू व चुनखडी भरलेल्या उंच नळींतून त्यांनीं मैलापाणी सावकाश वाहूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. त्यानंतर अमोनिया जाऊन नायट्रेट येऊं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच काम थांबलें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनीं हे जंतु वेगळे काढले. त्या नळींतील वाळूचें जें काम, तेंच मत्स्यपेटीच्या गाळणींतील भरीचें होय. जंतु पृष्ठभागास चिकटून वाढतात. भर म्हणजे त्यांची राहण्याची जागा.

ठिबकाची गाळण आणि ही गाळण

द्राक्षबागेंत ठिबकावर वाळूची गाळण असते, म्हणून येथेंही बारीक वाळू भरावी असें वाटणें साहजिक आहे. पण ठिबकाची गाळण कचरा अडविते. ही गाळण जंतु पोसते. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचें नायट्रेट होण्यास सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु लागतो. बारीक वाळू चोंदली कीं आंत प्राणवायु पोहोंचत नाहीं, आणि जंतु गुदमरतात.

उलट धोंडे मोठे असल्यास जागा पुरत नाहीं. एक फूट लांबी, रुंदी व उंचीच्या धोंड्याचा पृष्ठभाग ६ चौरस फूट भरतो. त्याचेच एक-एक इंचाचे घन तुकडे केले तर तो ७२, आणि अर्ध्या इंचाचे केले तर १४४ चौरस फूट होतो. म्हणून तुकडा लहान असावा, परंतु पाण्याची वाट बंद करील इतका लहान नसावा. खडीसाठीं अर्ध्या इंचाचें माप ठीक पडतें.

कोणती भर घ्यावी

काळ्या दगडाची खडी: सच्छिद्र दगडाची मिळाल्यास उत्तम. आपल्याकडील दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यांवर सिरक्याचे थेंब टाकावे. फेंस आला तर तो चुना समजावा. ज्यांच्या विहिरीचें पाणी मुळांतच कठीण व क्षारयुक्त आहे, त्यांनीं अशी खडी टाळावी. पाण्याचा सामू ७ असतां, २५ अंश उष्णमानांत, अमोनियाचा शेंकडा एक भागही विषारी रूपांत नसतो. ८ वर तो शेंकडा पांच, आणि ९ वर एकतृतीयांशाहून अधिक होतो.

विटांचे तुकडे: खणखणीत वाजणाऱ्या, पक्क्या भाजलेल्या विटेचे घ्यावे. कच्ची वीट व मुरूम पाण्यांत विरून गाळ होतो.

ठिबकाच्या नळीचे तुकडे: १६ मिलिमीटरची नळी अर्ध्या इंचाच्या तुकड्यांत कापावी. वजन थोडें, पोकळी भरपूर. मात्र जिच्यांतून आम्ल, विद्राव्य खतें किंवा औषधें गेलीं आहेत, ती नळी घेऊं नये.

स्पंज: लहान पेटीस, विशेषतः गप्पी माशांच्या पिलांस, हवेच्या पंपावरील स्पंज फार सोयीचा, त्यांत पिलें ओढलीं जात नाहींत.

दुकानांतील सच्छिद्र मातीचीं कडीं: चांगलीं आहेत, परंतु सूक्ष्म छिद्रें बुळबुळीनें भरतात, म्हणून जाहिरातींतील सगळा पृष्ठभाग कामीं येतो असें नाहीं. कोळसा रंग व औषधें शोषतो. अमोनियावर त्याची भिस्त ठेवूं नये. काथ्या व लाकडाचा भुसा स्वतःच कुजतात, ते वर्ज्य.

कोणत्याही भरीची पोकळी घरीं मोजतां येते. दहा लिटरची बादली भरीनें काठोकाठ भरावी व मापून पाणी ओतावें. जितकें मावेल तितकी पोकळी. खडींत चार-साडेचार लिटर मावतें, नळीच्या तुकड्यांत त्याहून पुष्कळ अधिक. मात्र ही बादली बोर्डो मिश्रणाची नसावी. मोरचुदांतील तांबें मासे व जंतु दोघांसही मारक आहे.

भर रुजविणें

भर टाकली म्हणजे गाळण तयार झाली, असें नव्हे. जंतु पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आरंभीं दोन-तीनच मासे सोडावे व खाद्य बेतानें द्यावें. जुन्या, निरोगी पेटींतील मूठभर भर आणून मिसळल्यास दुधांत विरजण घालावें तसें काम लवकर लागतें. थंडींत जंतु मंदावतात. यास्तव निफाडकडील गारठ्यांत नवी पेटी मांडण्याची घाई करूं नये.

भर चोंदल्यास पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेंच खळबळावी, आणि तीही एका वेळीं निम्मीच. क्लोरिनच्या नळाखाली चोळून धुतल्यास महिन्याची कमाई एका दिवसांत जाते. वीज बराच वेळ गेल्यास बंद डब्याची गाळण उघडून भर पेटीच्या पाण्यांत उथळ ठेवावी. आंतलें कोंडलेलें पाणी पेटींत जाऊं देऊं नये. सांचलेलें नायट्रेट काढण्यासाठीं दर आठवड्यास थोडें पाणी बदलावें. तें कुंड्यांस घातल्यास वायां जात नाहीं.

सारांश, पाणी स्वच्छ दिसणें ही गाळणीची परीक्षा नव्हे. अर्ध्या इंचाची खडी असो वा महाग कडीं, जंतूंस जागा, हवा आणि मुदत या तीन गोष्टी मिळाल्या कीं मासे जगतात. पेटी भरल्या दिवशींच मासे सोडण्याची घाई न करणें, ही सर्वांत स्वस्त व खात्रीची भर होय.