जुनी ट्रॉली घेताना

पाली गाव बीड-मांजरसुंबा रस्त्यावर. कडबा असो की खत, ट्रॉली शेतातून निघाली की हमरस्त्याला लागते. नवी परवडत नाही, म्हणून पुष्कळजण जुनी घेतात. त्यात वावगे काही नाही. पण आधी विचारावे, ट्रॉली पासिंगची आहे का?

ट्रॅक्टरचे बुक वेगळे, ट्रॉलीचे वेगळे. तिला स्वतःचा नंबर असतो. विकणारा म्हणेल, "ट्रॅक्टरचे कागद आहेत की!" ते ऐकू नये. ट्रॉलीखाली वाकावे. चेसीवर नंबर ठोकलेला असतो. माती पुसून बुकातल्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहावा. आता आपल्याला वाचता येते. दलालाकडून कशाला वाचून घ्यायचे? नंबर खरवडलेला दिसला, तर इसार देऊ नये. बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही वाचावे. टायर, पाटे, हूक तर आपण पाहतोच.

पैसे दिले तरी बुकावर नाव चढायचे राहते. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून परिवहन कार्यालयात द्यावेत. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विकणाऱ्यालाही यात धोका आहे बरं का! एक मोटार विकली गेली, हातोहात पुढे गेली. बुकावर नाव जुन्याच मालकाचे. अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई त्या जुन्या मालकावरच टाकली.

विम्याच्या कागदात ट्रॉलीचा नंबर आहे ना, तेही पाहून घ्यावे. आणि मागच्या फळीला लाल चमकपट्टी घरी आणायच्या आधीच लावावी.