सड्यावरची काळी खपली

रत्नागिरीच्या आसपासच्या जांभ्याच्या सड्यांवर मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्राच्या मुलांना घेऊन हिंडलो. फुलं बघायला जायचो, पण जास्त शिकवलं ते पायाखालच्या नॉस्टॉकनं. आपण त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो. खरं तर तो जीवाणू, सायनोबॅक्टेरिया.

१. मेलं असं पटकन म्हणू नये. पहिल्याच वर्षी मे महिन्यात चपलेखाली काहीतरी कुरकुरलं. कातळावर काळी, कागदासारखी खपली. "सर, हे काय?" एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही गं, वाळून मेलेलं शेवाळ." जूनमध्ये त्याच जागी भिजलेल्या आमसुलांसारखे सुरकुतलेले, हिरवट-तपकिरी, लिबलिबीत गोळे होते. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

२. फुगलं म्हणजे जगलं, असंही नाही. मग मी उलट्या टोकाला गेलो. पाकिटात ठेवलेली जुनी खपली बशीत भिजवायची, ती पाच-दहा मिनिटांत फुगली की "बघा, जिवंत!" म्हणायचं. पण पाणी शोषतो तो पेशींभोवतीचा शर्करेचा चिकट लगदा, आणि आतल्या पेशी मेल्या असल्या तरी तो फुगतोच. नवी वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसेपर्यंत गप्प बसावं.

३. छत्री बाहेर असते. खपलीचा काळपटपणा स्कायटोनेमिन या रंगद्रव्याचा. ते अतिनील किरण अडवतं. ते पेशीत नसून बाहेरच्या वेष्टनात असतं, ही गंमत मला फार उशिरा कळली. आतला जीव कोरडा होऊन ठप्प झाला, दुपारी कातळाला हात टेकवत नाही अशी अवस्था आली, तरी छत्री उघडीच. तिला चालवायला ऊर्जा लागत नाही. खपली उलटून बघा, सावलीतली बाजू बहुधा हिरवी निघते.

४. आयतं मिळालं की कामगार गायब. एका बॅचला हेटरोसिस्ट दिसेनात. पेशींच्या माळेत मधूनच येणारा हा मोठा, फिकट, जाड भिंतीचा मणी हवेतलं नत्र बांधतो. नत्र बांधणारं विकर प्राणवायूनं निकामी होतं, म्हणून हा मणी स्वतः प्राणवायू तयारच करत नाही. मी मुलांवर चिडलो, भिंगं पुसायला लावली. चूक माझीच होती: पोषकद्रावणात नायट्रेट घातलेलं होतं! नत्राविना द्रावण केलं आणि दोन-तीन दिवसांत मणी हजर. मुलांची माफी मागितली.

५. पाऊस पडला की आधी श्वसन, मग प्रकाशसंश्लेषण, नत्राचं काम सगळ्यात शेवटी. पहिल्या सरीनंतर लगेच नत्राचं काम मोजायला बसलात तर हाती काही लागत नाही.

६. याला उकिरड्यावरचं समजू नये. बनारसच्या रा. ना. सिंग यांनी १९५० साली उत्तरेतल्या खारवट 'उसर' जमिनी याच कुळातल्या जीवांच्या मदतीनं सुधारण्याचा मार्ग मांडला होता. आपल्याकडे मात्र सड्यावर सरळ गाड्या घालतात. टायरखाली खपलीचा भुगा होतो आणि वाऱ्यावर उडून जातो.

तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा. पहिला पाऊस पडून गेल्यावर तासाभरानं चालत जा, आणि जपून. भिजलेल्या नॉस्टॉकवरून मी दोनदा आपटलोय.