कान मोकळे ठेव

अमोल,

काल तुझ्या आईचा फोन आला. तू हेडफोन घालून तेंदूपत्ता तोडतोस म्हणे, आणि सगळ्यांना सोडून एकटाच पुढे जातोस. तेव्हापासून घास गोड लागत नाही. 2025 च्या मे महिन्यात आपल्याच सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. इतक्यात विसरलास?

पोलीस भरतीचे तास ऐकतो, असं तू आईला सांगितलंस. ऐक, पण घरी ऐक. खुटकटाईत छाटल्यावर फुटलेलं तेंदूचं झुडूप ते केवढं! 70 पानांच्या एका पुड्यासाठी किती वाकावं लागतं, हे मी तुला काय सांगू? नजर पानावर आणि पाठ उघडी. खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. अशा वेळी पाठीची राखण कानच करतात, आणि तू तेच बंद करून बसतोस!

आपले आबा जंगलात बोलता बोलता मध्येच गप्प होऊन कान द्यायचे. चितळ एकदा ओरडलं तर नुसते थांबायचे. तीच हाक पुन्हा पुन्हा आली की सगळ्यांना मागे फिरवायचे, ओझं अर्धं असलं तरी. वानरावर त्यांचा भरवसा जास्त, कारण ते झाडावरून बघून ओरडतं. मी तेव्हा शिकायला नागभीडला. सुट्टीत आलो तरी पुस्तकात डोकं. त्यांच्यामागे अजून चार हंगाम हिंडलो असतो तर आज तुला जास्त सांगता आलं असतं. ती रुखरुख जात नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, जंगलात कानात काही घालू नकोस. सोबत सोडू नकोस. जनावर ओरडायला लागलं तर पत्ता तिथेच टाकून दे.

फार बोललो का रे? फळीवर पत्ता देऊन मिळालेल्या पैशातून ताईची फी जाते, हे मला ठाऊक आहे. दिवसभर उन्हात राबून वर अभ्यासही करतोस, याचं मला कौतुकच आहे. रात्री निवांत तास ऐक, रिचार्ज मी मारतो. रविवारी येतोय, भरतीचं गणिताचं पुस्तक घेऊन. मामीने तुझ्यासाठी कैरीचं लोणचं काढून ठेवलंय. भरतीत नंबर लागला तर आनंदच, नाही लागला तरी तू आमचा लाडकाच आहेस. जंगलातून घरी पोहोचलास की रोज आईला आवाज दे, ती दारातच उभी असते.

तुझा मामा