पाहुणे खुर्ची सोडत नाहीत

प्रश्न : मी हळदी-लग्नात डीजे वाजवतो. हॉलमध्ये पाहुणे नुसते बसून राहतात. आवाज वाढवला, गाणी बदलली, तरी कुणी उठत नाही. काय करावं?

उत्तर : आधी आवाज उतरवा. शेजारच्याशी बोलता येईना की माणूस नाचायला येत नाही, बाहेर जातो. स्पीकरचा रोख खुर्च्यांकडे नको, मोकळ्या जागेकडे हवा. ती जागाही आवळून घ्या आणि तिथल्या ट्यूबलाइट बंद करायला सांगा. भगभगीत उजेडात पहिला नाचायला कोण येणार?

मग लॅपटॉपवरून नजर उचला. कुणाचा पाय ठेका धरतोय ते बघा आणि त्या वयाचं गाणं लावा. माझा भरवसा करवल्या आणि मावश्यांवर. झुलत्या ठेक्याचं कोळीगीत लागलं की त्या उठतात. त्याला स्टेप यावी लागत नाही. पोरं आधी आली तर हाकलू नका, त्यांना आवरायला आया येतातच.

वेग टप्प्याटप्प्याने वाढवा : मिनिटाला शंभरेक ठोक्यांपासून १२०-१२८ पर्यंत. ‘सैराट’मधलं (२०१६) ‘झिंगाट’ पहिल्या अर्ध्या तासात अजिबात नको. रिकाम्या जागेत ते वाया गेलं, तर पुढे हुकमी पान उरत नाही. जमलेलं गाणं मात्र पूर्ण वाजवा, मध्येच तोडू नका. आणि माइकवरून ‘हात वर!’ ओरडणं सोडा, लोक अवघडतात.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून रंग नऊच्या आतच चढू द्या.