हाडं ठिसूळ झाली : गोळी घ्यायची की खाणं सुधारायचं?

घरातल्या आईची, आजीची पाठ वाकायला लागली, उंची कमी झाली की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर तो ऑस्टिओपोरोसिस.

आपण रोज मासे खातो, मग गोळी कशाला? अहो, मासळीतलं कॅल्शियम काट्यात असतं. बारीक तारली, मांदेली काट्यासकट चावून खाल्ली तर मिळतं, सुरमईच्या तुकडीत ते फारसं नाही. खारवलेली मासळी बेतानं, कारण जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जातं. रोज चाला. पोहणं चांगलं, पण त्यात हाडांवर भार पडत नाही. मशेरी, तंबाखू, दारू सोडा.

पण उभ्या उभ्या पडून खुबा किंवा मणका मोडला असेल, तर नुसत्या खाण्यावर भागत नाही, औषध लागतंच. बऱ्याचदा अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलीग्रॅम देतात, आठवड्यातून एकदाच. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर अजिबात नाही! नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दात काढायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गोळी चालू असली तरी काटे खाणं, चालणं थांबवू नका. आणि ओल्या जेटीवर गुळगुळीत झालेल्या चपला घालून आईला मासळी निवडायला पाठवू नका.