गच्चीवरील उन्हाचा हिशेब

आपल्याकडील कित्येक गच्च्यांवर आतां निळसर-काळीं सौर पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली, तेव्हां तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविलें. बाकीची रक्कम मात्र घरधन्यानेंच उभी करावयाची, पुष्कळदां कर्ज काढून. म्हणून हा संच वीज देणार तरी किती, हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाच्या तासापुरता राहत नाहीं.

सामान्य मनुष्य हिशेब असा मांडतो : संच तीन किलोवॅटचा, दिवस बारा तासांचा, तीन गुणिलें बारा म्हणजे छत्तीस युनिटें. एक किलोवॅट एक तास चालला म्हणजे एक युनिट होतें हें खरें, आणि गुणाकारहि बरोबर आहे. तरी उत्तर जवळजवळ तिपटीनें चुकलें आहे.

पॅनेलाच्या पाठीवर छापलेला वॅटचा आंकडा प्रयोगशाळेंतला असतो. तेथें दर चौरस मीटरावर १,००० वॅट प्रकाश पाडतात व आंतील घटांचें उष्णमान २५ अंश राखतात. असा प्रकाश आपणांस निरभ्र दिवशीं भर दुपारींच काय तो मिळतो. एरवीं सूर्य तिरपा असतो. अंगणांत एक काठी सरळ उभी करा. तिची सावली तिच्या उंचीइतकी झाली कीं सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे असें समजावें. त्या वेळीं सपाट जमिनीच्या वांट्यास किरणांचा सुमारें सात-दशांश भागच येतो, कारण तेंच ऊन अधिक जागेवर पसरतें. सावली दुप्पट झाली तर हा भाग निम्म्याहूनहि कमी होतो. साइनचें कोष्टक परीक्षेवांचून कोठें उपयोगी पडतें असें विचारणाऱ्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा.

म्हणून जाणते लोक दिवसाचे तास मोजीत नाहींत. दिवसभरांत एका चौरस मीटरावर पडलेला सर्व प्रकाश एकत्र केला, तर तो १,००० वॅटांच्या किती तासांबरोबर होतो, हें ते पाहतात. पुण्याकडे वर्षाची सरासरी पांच ते साडेपांच तास येते. आपण पांच धरूं : तीन गुणिलें पांच, पंधरा युनिटें.

यांतूनहि वजावट आहे. पॅनेल उन्हांत तापून साठ अंशांवर सहज जातें, आणि सिलिकॉनच्या घटांची शक्ति २५ अंशांपुढील दर अंशास शेंकडा सुमारें ०·३५ ते ०·४ घटते. पस्तीस अंशांत शेंकडा बारा ते चौदा गेले! वैशाखांत ऊन कडक म्हणून वीजहि तितकीच वाढेल, हा समज त्यामुळें खरा नाहीं. शिवाय धूळ आहे, तारा आहेत, इन्व्हर्टर आहे. एकूण चतुर्थांश वजा केला म्हणजे सव्वाअकरा युनिटें उरतात.

तीहि सरासरीच, रोजची हमी नव्हे. पुण्यास एप्रिल-मे महिन्यांत तासांचा आंकडा साडेसहाच्या वर असतो, तो जुलै-ऑगस्टांत ढगांमुळें चारांच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यांतील एका आठवड्याच्या विजेवर ज्यानें कर्जाचा हप्ता बसविला, त्याची श्रावणांत तारांबळ उडते. पालकांनीं मागील बारा महिन्यांचीं बिलें समोर ठेवून महिन्या-महिन्याचा ताळा निरनिराळा पाहावा.

सावलीचा हिशेब मात्र कागदावर नीट होत नाहीं. पॅनेलांतील घट सांखळीसारखे एकापुढें एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी इतरांचा प्रवाह अडतो. त्यावर उपाय म्हणून डायोड बसवितात, पण मग तेवढा भाग कामांतून जातोच. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास सूर्य माध्यान्हींहि ४८ अंशांवरच चढतो, आणि पांच फूट उंच टाकीची सावली साडेचार फूट उत्तरेस पडते. सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं ती याहून लांब. त्या दिवसांत दहा, बारा व तीन वाजतां गच्चीवर जाऊन सावलीची कड खडूनें आंखावी, आणि पॅनेलें बसविणाऱ्यास त्या रेषांबाहेरचीच जागा दाखवावी.